अर्क पाजलेल्या माद्या

बियांचा अर्क पाजलेल्या उंदीर-माद्यांच्या पिंजऱ्यांत याही खेपेला पिल्लं नव्हती. शेजारी नुसत्या पाण्यावरच्या माद्यांपाशी गुलाबी वळवळ चालली होती. धाकटीने सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला. अर्कवाल्यांची अंडाशयं टम्म फुगलेली, पण एकही स्त्रीबीज बाहेर पडलेलं नव्हतं.

“मूल न होऊ देणारं औषध सापडलं म्हणायचं,” सर म्हणाले. “नशीब काढलंस.”

मागे अशीच अंडाशयं काट्यावर जड भरली, तेव्हा जड म्हणजे सुदृढ असं सगळ्या प्रयोगशाळेने धरून चाललं होतं. आनंदाच्या भरात धाकटीने ताईला फोन केला. अर्काच्या बिया ताईच्याच दुकानातून येत; तिथे त्यांची पूडही मिळे. ताईने लगोलग पुड्यांवर छापून घेतलं: मूल होण्यासाठी, प्रयोगशाळेत सिद्ध. पण पूड विकणं हे अलीकडचं. ती स्वतः हीच पूड लग्नानंतर सासूने हातावर ठेवली तेव्हापासून रोज सकाळी घेत आली होती. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, तरी पूड सुटली नाही. गेल्या वर्षी पाळी गेली, तेव्हा कुठे चमचा खाली ठेवला.

हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने, या विचारात धाकटी दुकानाच्या पायरीशी घुटमळली.

“या शास्त्रज्ञबाई,” ताई गल्ल्यावरून म्हणाली. “बिया संपल्या वाटतं? भारी खादाड गं तुझे उंदीर.”

“ताई, ही पूड विकणं थांबव.”

“का, त्यांना पुरत नाही?”

“अंडाशयं जड झाली म्हणाले होते ना मी, ते चांगलं लक्षण नव्हतं. आम्ही चुकलो. बीज आतच अडकून राहतं. या पुडीने मूल होत नाही. होणार असलं तरी होत नाही.”

ताईने हातातली पुडी उलटसुलट करून पाहिली, जणू दुसऱ्या कुणाच्या दुकानातली असावी.

“तुझा प्रयोग फसला असेल.”

“तीनदा केला.”

“मग तुझं नाव होईल आता.”

“ताई, तसं बोलू नकोस ना.”

“बरं. नाही बोलत.” पुडी तिने होती तिथे ठेवली. ती रस्त्याकडे बघू लागली. मग मान न वळवता तिने विचारलं, “पाजायचं बंद केल्यावर?”

“काय?”

“बंद केल्यावर झाली का त्यांना पिल्लं?”

धाकटीच्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं. पण ताईने तिला लहानाचं मोठं केलं होतं; खोटं बोलताना ती कुठे बघते हे ताईला पाठ होतं.

“झाली,” ती म्हणाली.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. इतरांइतकीच.”

ताईने मान डोलावली. उठली, फळीवरच्या पुड्या दोन्ही हातांनी ओढून पोत्यात लोटू लागली. धाकटी मदतीला वाकली, तशी तिने कोपराने तिला बाजूला सारलं.

“तू हे करत बसू नकोस. नेणाऱ्या सगळ्या ओळखीच्याच आहेत, घरं मी सांगते,” ती म्हणाली. “तरण्या आहेत त्यांच्याकडे आधी जा. बाकीच्यांना सांगून आता काय करायचंय?”