निळी बोटं

ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम निळी असत. त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या की चैत्रातलं कोरडं ऊन खिडकीतून येऊन त्या बोटांवर थांबायचं, आणि मला वाटायचं, या गावात पाण्यासारखं दिसणारं आता एवढंच उरलंय.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या होत्या, नळ कोरडे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायची. ताई तिथं संशोधन करायच्या. त्या बिलोलीकडच्या, त्यांची धाकटी बहीण लहानपणीच घटसर्पानं गेलेली. घटसर्पाच्या जंतूंचं विष गाळून माणसाच्या पांढऱ्या पेशींवर घालायचं आणि पेशी कशा मरतात ते बघायचं, हे त्यांचं काम. पेशी स्वतःच्याच रक्तातल्या. बांगड्या भरायला बसावं तसा हसत हात पुढे करायच्या.

"पेशींत हा निळा रंग कशाला घालता, ताई?" मी एकदाच विचारलं.

"जिवंत पेशी रंग आत येऊ देत न्हाई, शांताबाई. मेली की दार सताड उघडं."

नळ्या साबणानं घासून सात पाण्यांतून काढायच्या, असं त्यांनी शिकवलं होतं. टँकर येईनासा झाला तशी मी दोन पाण्यांवर आले आणि वाचलेली घागर घरी नेऊ लागले. घरी तान्ही लेक होती.

मग विष न घातलेल्या नळ्यांतल्या पेशीही निळ्या दिसू लागल्या. ताईंनी रंग बदलला, पुन्हा पुन्हा रक्त काढलं. त्या नळी उजेडात धरायच्या तेव्हा काचेवरचा साबणाचा धूसर पापुद्रा मला दिसायचा. त्यांना पलीकडचं ऊन दिसायचं.

मोठ्या सरांनी काम बंद करायला सांगितलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझंच रक्त कच्चं हाय, शांताबाई. आमच्या घराण्यातच ताकद न्हाई. धाकटी उगं न्हाई गेली."

मी मान खाली घालून नळी घासत राहिले. बोलले असते तर घागर गेली असती.

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाणी नेत जावा घरी. लेकीला लागतंय." घागरीचं त्यांना ठाऊक होतं, साबणाचं नव्हतं.

आता नळाला पाणी आहे. घरात कुणी नसलं की मी एखादा पेला सात पाण्यांतून काढते आणि उजेडात धरते. काच स्वच्छ असते. पण माझ्या आतलं एक दार तेव्हापासून सताड उघडं आहे, आणि सरणारं प्रत्येक वर्ष त्यातून निळं होऊन आत येतं.