दीपगृहाखालचा उतार

बेटाभोवतीचा रस्ता सगळा मिळून चाळीस किलोमीटर. नवऱ्याने पाच थांबे काढून ठेवले होते, सगळे रस्त्यालगतचे, तान्ह्या लेकीला घेऊन सहज जमतील असे. अडचण एकच. इंजिन बंद झालं की लेक जागी व्हायची आणि मग तासभर आकांत. म्हणून गाडी चालूच ठेवायची आणि पाळीपाळीने उतरायचं. काळ्या वाळूवर आधी तो गेला, कमानीच्या खडकापाशी आधी ती.

तिसऱ्या थांब्यावर, दीपगृहाखाली, त्याने कठड्यापासून हाक मारली, "अगं, ये ना! एक तरी फोटो दोघांचा. काच खाली आहे, रडली तर ऐकू येईल."

"हँडब्रेक ओढलायस ना?"

"बायको आहेस की वाहतूक पोलीस? ये!"

लेक मागे पट्ट्यात गाढ झोपली होती. ती गेली. तीस पावलं फक्त, मनात मोजलीसुद्धा. फोटोसाठी हसली, वळली. गाडी हळूहळू चालली होती. चालकाच्या दारातून एक अनोळखी माणूस अर्धा आत शिरला होता.

"पोरीला नेतोय!" ती किंचाळली.

नवरा आधी पोचला, तोवर गाडी थांबली होती. त्याने कॉलर धरून त्या माणसाच्या तोंडावर ठोसा हाणला. "अहो, पाय... माझा पाय ब्रेक—" दुसऱ्या ठोशाने दात तुटला, बोलणं रक्तात बुडालं. तिने वाटेतला दगड उचलला होता. मुंगीसुद्धा न मारणारी ती, तिने तो त्याच्या कानामागे घातला. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी काहीतरी मऊ लागलं आणि तिला बरं वाटलं. नवऱ्याने केस धरून त्याला फरफटत बाहेर ओढलं.

आणि गाडी परत घरंगळू लागली.

आत आता कुणीच नव्हतं. उतार थेट कड्याकडे जात होता. मागे मासळीचा ट्रक दार उघडं टाकून उभा होता. हा माणूस त्याच ट्रकचा, घरंगळती गाडी पाहून त्याने त्यातून उडी टाकली होती, हे तिला तेव्हा कळलं. नवरा पुतळ्यासारखा उभा. तिचे पाय जमिनीला खिळलेले.

धावला तो ट्रकवालाच. डोळ्यात रक्त, तरी उघड्या दारातून झेपावला आणि त्याने हँडब्रेक दोन्ही हातांनी उपसला. दार दगडी खांबावर आपटलं, त्याच्या पायावर मिटलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. पुढचं चाक कड्यापासून हातभर अलीकडे थांबलं. त्याने किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. लेक जागी झाली आणि तिने टाहो फोडला.

"रडतेय," ट्रकवाला दात आवळून म्हणाला. "घ्या तिला. आणि माझ्या पायाला कुणी हात लावू नका, तुमचे हात बघितलेत मी."

तिने लेकीला छातीशी धरून दवाखान्याला फोन लावला. पलीकडून बाईने विचारलं, कसं लागलं?

नवरा ओठांनीच सांगत होता: अपघात, अपघात म्हण.

"पाय दारात चिरडलाय," ती म्हणाली. "दात नवऱ्याने पाडला. डोकं मी फोडलंय, दगडाने. आमच्या मुलीला वाचवत होता तो. लवकर या."