पडदेबाबांचं कापड

छापखान्यातली यंत्रं थांबवून सगळी माणसं काचेच्या केबिनभोवती जमली होती. आत पडदेबाबा उभे होते. टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर बाटलीच्या टोपणाचं लेबल उघडलेलं होतं आणि ते गोल लेबल अंड्यासारखं लांबट दिसत होतं. बाबांनी शेजारच्या लॅपटॉपवर काळं कापड पांघरलं, आत हात घातले आणि काहीतरी पुटपुटले. मॉनिटर क्षणभर काळा झाला. उजळला तेव्हा लेबल गरगरीत गोल! फोरमनकाकांनी खरं टोपण पडद्याला लावून पाहिलं, तर ते चपखल बसलं. या छापखान्यात लेबल पास करायची हीच रीत होती.

"लहरी शुद्ध झाल्या," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटर माणूस ओळखतो. जिचं घर मोडलंय, तिचा हात लागला की त्यातला आकार मोडतो. हे मी नाही सांगत, विज्ञान सांगतं."

सगळ्यांच्या नजरा दाराबाहेर उभ्या केलेल्या वहिनीकडे वळल्या. लेबलं बनवायचं काम तिचं. नवरा गेल्यावर ती कामावर परतली, त्याच सुमारास मालकांनी नवा लॅपटॉप आणून जुन्या मॉनिटरला जोडला होता. लॅपटॉप नवा आहे हे सगळे विसरले. वहिनीचं कपाळ तेवढं लक्षात राहिलं. बाबांनी हात फिरवला की वर्तुळ गोल, सकाळी वहिनीने कापड काढून काम सुरू केलं की लांबट. आणखी पुरावा कशाला हवा?

"वहिनी, उद्यापासून तुम्ही खाली पॅकिंगला बसा," मालक म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

लावून घेऊ नका म्हणे! सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. घरी मुलीच्या वेण्या घालताना तिचा हात थबकायचा. आपला हात पोरीला तर बाधणार नाही ना?

तिने मान खाली घातली आणि तिची नजर त्या कापडावर गेली. बाबांनी पांघरलं तेव्हा उघड्या लॅपटॉपवर ते तंबूसारखं उभं होतं. आता ते टेबलावर सपाट पडलं होतं.

सकाळी लॅपटॉप मिटलेला सापडायचा. काका मिटून जात असतील, असं ती समजत होती. आणि कीबोर्डसाठी तो रोज उघडायची ती स्वतःच.

ती तरातरा आत शिरली.

"अहो, हात लावू नका!" बाबा ओरडले.

वहिनीने कापड खसकन ओढलं. खाली मिटलेला लॅपटॉप. तिने तो उघडला. वर्तुळ लांबट झालं. मिटला, गोल झालं. पुन्हा उघडला, पुन्हा लांबट.

"लॅपटॉपचा पडदा रुंद आहे, हा मॉनिटर जुना, चौकोनी," ती म्हणाली. "दोन्हीवर एकच चित्र दाखवायचं सेटिंग आहे. म्हणून मॉनिटर लॅपटॉपच्या मापाचं चित्र ओढून-ताणून दाखवतो. लॅपटॉप मिटला की स्वतःच्या मापाने दाखवतो. तो मिटला तरी बंद पडू नये, ही सोय तर तुम्हीच करून घेतलीत, मालक."

तिने सेटिंग उघडलं, चित्र फक्त मॉनिटरवर ठेवलं, मॉनिटरचं माप निवडलं. लॅपटॉप उघडा, वहिनीचा हात कीबोर्डवर, आणि वर्तुळ गोल.

बाबांच्या लहरींना अचानक दुसरीकडे काम निघालं. दारातून जाताना त्यांना वाट करून द्यायला माणसं अजूनही अदबीने सरकत होती.

"म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं," फोरमनकाका म्हणाले. "ज्ञानी माणूस!"

"चला, सुटला प्रश्न," मालक हसले. "बसा वहिनी तुमच्या जागेवर."

चुकलो, असं कुणीच म्हणालं नाही. कापडाचं टोक उचलायला कुणी अडवलं नव्हतं, पण खोट कुणात आहे हे आधीच ठरलेलं असलं की कापड कोण उचलतो?

वहिनी बसली नाही. तिने काकांच्या हातातलं टोपण घेतलं आणि पडद्याला लावलं.

"बघा नीट. हे गोल दिसायला कुणाचा नवरा जिवंत असावा लागत नाही. माप बरोबर असावं लागतं. पुढच्या वेळी माणसावर बोट ठेवण्याआधी तेवढं तपासा."

त्या संध्याकाळी तिने मुलीच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या. घट्ट.