मोगऱ्याच्या मुळाशी

मी एक जुनं खुरपं आहे. मित्रांनो, माझा कुणी फोटो काढणार नाही. पातं झिजलेलं, बाभळीची मूठ घामाने काळी पडलेली. पण झाडाची पानं सगळेच बघतात, मातीखाली जायचं काम माझं.

माझा जन्म करकंबचा. लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं आणि मायाक्काच्या हाती दिलं. वीस वर्षं तिच्यासोबत कांद्याच्या वाफ्यांतलं तण मी काढलं. शेजारणी मला उसनं मागायच्या आणि ती द्यायची नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायचा.

मग तिच्या मुलाला सोलापुरात नोकरी लागली आणि घर भवानी पेठेत आलं. येताना तिने दोनच गोष्टी स्वतः धरून आणल्या, मी आणि माहेरच्या मोगऱ्याची एक फांदी. तो मोगरा तिच्या आईने लावलेला. आई गेली. पुढे रस्ता रुंद झाला, तेव्हा परड्यातलं मूळ झाडही गेलं. आता गच्चीवर तेलाच्या डब्यात लावलेला तेवढाच उरला होता.

मायाक्काचा भाऊ बिरप्पा मेंढरं राखतो. दर नागपंचमीला तो बहिणीसाठी लेंडीखताचं पोतं आणतो. गेल्या वर्षी तिनेच घाई केली. "खत कवा आणतूस? मोगरा उपाशी हाय की," असा फोन तिने दोनदा केला. बिचाऱ्याने अर्धवट कुजलेलं खत भरून आणलं. ते मातीत मिसळताना माझ्या पात्याला काहीतरी मऊ, वळवळणारं लागलं. ती हुमणीची पोरं होती, मुळं कुरतडणाऱ्या अळ्या.

दसऱ्यापर्यंत मोगरा पिवळा पडला. पाणी घातलं तरी मान टाकायचा. मायाक्काने लिंबू-मिरची बांधली आणि वरून आणखी दोन ओंजळी तेच खत घातलं. अजीर्ण झालेल्याला आग्रहाने पुरणपोळी वाढावी, तसंच ते. मुळांना धक्का नको म्हणून मला टाकीमागे ठेवलं. सगळं ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. तिथे गंज खात मला फार वाईट वाटायचं.

शेजारची झीनत गच्चीवर कोंबड्या पाळते. ती एकदा म्हणाली, "मायाक्का, पानं किती दिस बघणार? एकदा मुळाकडं बघा की."

"मुळाला हात लावला तर मरंल त्यो. आईचं येवढंच उरलंय माज्याकडं."

"मुळंच न्हाय उरली, तर जगंल कशावर?"

मायाक्काने मला टाकीमागून काढलं. ऊन उतरल्यावर तिने मला दगडावर घासलं आणि डबा आडवा केला. मोगरा अलगद हातात आला. मुळं कुरतडलेली. मातीतून मी एकेक करून सतरा अळ्या बाहेर काढल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अंग मुडपून बसलेल्या.

"माज्या भावाच्या खतात," एवढंच ती बोलली आणि तिचे डोळे भरले.

"भावाचं काय चुकलं? खताला कुजायला वेळच दिला न्हाय तुमी," झीनत म्हणाली.

अळ्या कोंबड्यांनी फस्त केल्या. डब्यातली माती पंधरा दिवस उन्हात पसरली. सोलापूरचं ऊन पहिल्यांदाच कुणाला हवंहवंसं वाटलं असेल. मोगऱ्याच्या फांद्या छाटून त्याला झीनतच्या कुंडीत, स्वच्छ माती आणि निंबोळी पेंड घालून सावलीत ठेवलं. महिनाभर तो नुसती काडी होता. मग मुगाएवढा हिरवा डोळा फुटला, आणि चैत्रात फुलं आली. छाटलेल्या फांद्याही मातीत खोचल्या होत्या, त्यांतल्या दोन जगल्या. एक झीनतला मिळाली.

यंदा पंचमीला बिरप्पा आला. मायाक्काने पोतं गच्चीवर ओतलं आणि माझ्याकडून सगळं खत उलटंपालटं करून घेतलं.

"राग मानू नगंस," ती म्हणाली, "माया हाय, पन बघून घ्यायची."

बिरप्पा हसला. मग तिने दुसरं रोप मातीच्या गड्ड्यासकट माझ्याकडून उकरून घेतलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, झाड मान टाकू लागलं, तर वरून आणखी काही ओतण्याआधी थोडी माती उकरून बघा. कच्चं खत कुणीही प्रेमाने दिलं, तरी त्याला कुजू द्या. आणि काम झालं की आम्हाला पुसून ठेवा, टाकीमागे टाकू नका.

काल बिरप्पाचा फोन आला होता. मायाक्का माझी मूठ हातात धरून ऐकत होती.

"आक्का," तो म्हणाला, "आईच्या मोगऱ्याला हितं पान फुटलंय."