मिटल्या तोंडाचा वाघ

मी वाघ बोलतोय. पळू नका, मी कापडाचा आहे. आणि आपल्या दोघांत जास्त घाबरट मीच आहे.

खरं तर मी सिंह होणार होतो. बल्लारपूरच्या एका खोलीत रंजीताताईंनी पिवळ्या फलालीनमधून मला कापला. रंजीताताई कॉलेज संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या. दर रविवारी बस धरून त्या मूल गावाच्या पुढच्या एका जंगलगावात जातात आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांना नि मोठ्यांना बायबलमधल्या गोष्टी सांगतात. निळं फलालीन ताणलेला एक फळा आहे. नोहाचं तारू, योनाचा मासा, सगळे त्याला चिकटून बसतात. त्या आठवड्यात सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलची पाळी होती. मला कापता कापता ताई थबकल्या. या पोरांनी सिंह कुठे पाहिलाय? त्यांनी काळं शाईपेन घेतलं आणि मला पट्टे ओढले. गोष्टीत देवाने सिंहांचं तोंड बंद केलं होतं ना, म्हणून माझे ओठ लाल दोऱ्याने पक्के शिवून टाकले.

मला फळ्यावर लावताच पोरं किंचाळली.

"ताई, हा तं आमच्या नाल्यावरचा हाय!"

"पाह्य बे, याले दात नाई!"

सगळे हसले. खांबाला टेकून बसलेली सोमारीबाई मात्र हसली नाही. मागच्या मोहफुलांच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला, बुधूला, वाघाने नेलं होतं.

ताईंना ते ठाऊक नव्हतं. त्या रंगात आल्या होत्या. राजा दानिएलला गुहेत टाकतो, मग त्यालाच झोप येत नाही, सकाळी तो धावत येतो, आणि दानिएल जिवंत! "ज्याचा विश्वास पक्का," ताई हात उंचावून म्हणाल्या, "त्याच्यासमोर वाघाचंही तोंड बंद!"

पोरांनी टाळ्या पिटल्या.

"ताई," सोमारीबाई म्हणाली, "आमचा बुधू रोज प्रार्थना करे."

ताई घड्याळ पाहत होत्या. शेवटच्या बसची वेळ झाली होती. "पुढच्या रविवारी बोलू हं, बाई," म्हणत त्या पिशवी उचलून धावल्या. बस आलीच नाही आणि त्यांना गावातल्या लच्छूभाऊंकडे मुक्कामाला राहावं लागलं, ही गोष्ट वेगळी. पण तोवर सोमारीबाईने मला फळ्यावरून हलकेच सोडवून पदराखाली घेतलं होतं.

या गावात मोहफुलं वेचायला कुणी एकटं जात नाही. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. म्हणून सगळे घोळक्याने जातात, आणि बाकीचे वेचत असताना एक जण उभा राहून टिनाचा डबा बडवतो. सोमारीबाई दुसऱ्या पहाटे एकटीच निघाली. डबा घरीच. टोपलीत फक्त मी.

वाटेत ती माझ्याशी बोलली. "आज समजू दे. तोंड बंद झालं, तं माह्या बुधूचा विश्वास कच्चा होता. नाई झालं, तं..."

माझ्या पट्ट्यांखालचं कापड गार पडलं.

मोहाखाली ती वाकली. फुलांचा गोड, आंबूस वास होता. मग त्यात दुसरा एक वास मिसळला. वरती माकडं खाकरली आणि एकदम गप्प झाली. समोरच्या झुडपात काहीतरी होतं. ते हलत नव्हतं, म्हणूनच कळलं. सोमारीबाई उठून उभी राहिली नाही. तिने मला तळहातावर घेऊन पुढे धरलं. मला ओरडायचं होतं, बाई, मी खोटा आहे, उभी राहा! पण माझे ओठ शिवलेले होते.

तेवढ्यात मागून डबे वाजले. थाळ्या, आरोळ्या, पळणारे पाय. झुडूप एकदाच हललं आणि नाल्याच्या दिशेने शांत झालं. मागे ओल्या मातीत पावलाचा ठसा राहिला. त्यात हळूहळू पाणी भरत होतं.

"जीव नकोसा झाला काय तुले?" लच्छूभाऊ ओरडले. "एकटी काऊन आली?"

"पाहाले आली होती. देव कोनासाठी तोंड बंद करते ते."

रंजीताताई अनवाणीच धावत आल्या होत्या. रात्री लच्छूभाऊंकडून त्यांना बुधूचं समजलं होतं. पहाटे फळा आवरताना माझी जागा रिकामी दिसली, सोमारीबाईच्या दाराला कडी दिसली, आणि त्यांना कळलं. त्या मातीतच बसल्या.

"बाई, दानिएल आपणहून नाही उतरला गुहेत. त्याला टाकलं होतं. आणि ज्यांना वाघाने नेलं त्यांचा विश्वास कमी होता, असं कुठेच लिहिलेलं नाही. बायबलमधल्याच स्तेफनाला विश्वासापायी दगडांनी मारलं. त्याचा विश्वास काय कच्चा होता? बुधूभाऊंचाही नव्हता."

"मंग त्याले काऊन नाई वाचवलं?"

ताई तिच्याच बोलीत म्हणाल्या, "मले नाई मालूम, बाई."

तेव्हा सोमारीबाई रडली. लच्छूभाऊंनी डबा वाजवणं थांबवलं नाही.

आता मी सोमारीबाईच्या भिंतीवर असतो. तिने सुईने माझ्या तोंडाचे टाके उसवले आणि आत पांढरे दात शिवले. रविवारी ती मला फळ्यावर नेते तेव्हा पोरं मागे सरकतात. सरकू द्या. दानिएलची गोष्ट सांगताना मला नक्की लावा, पण माझी भीती पुसू नका. आणि कुणाचा माणूस गेला असेल, तर त्याचा विश्वास मोजायला बसू नका.

आज अजून उजाडलेलं नाही. सोमारीबाई सगळ्यांसोबत मोहाकडे गेली आहे, आज डबा तिच्याच हातात आहे. मी भिंतीवरून कान लावून आहे.

वाजतोय. ऐका, अजून वाजतोय.