अठरा पंख्यांचा वारा

प्रसूतिगृहाच्या नव्या वॉर्डात अठरा पंखे गरागरा फिरत होते आणि खाली वाऱ्याचा पत्ता नव्हता. मेट्रनबाई मधल्या खाटेजवळ उभ्या राहून वर बघत होत्या. त्यांच्या हातातला कागदसुद्धा हलत नव्हता. छताच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं मात्र जोरात थडथडत होतं.

"पंखे फिरताहेत," त्या म्हणाल्या. "वारा कुठंय?"

सकाळपासून पंखे टांगणारा वायरमन शिडीवरच बसला होता. तो म्हणाला, "उलटे फिरताहेत, बाई. वारा वर चाललाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या अठराही पंख्यांचं वायंडिंग आम्ही केलं होतं, म्हणजे मी आणि माझ्या जाऊबाईंनी.

जळलेल्या मोटरमधली काळी पडलेली तार ओरबाडून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत भरायची, हे काम मी शाळेत असताना वडिलांच्या दुकानात शिकले. लग्नानंतर काही वर्षांनी सासऱ्यांकडून बाहेरची खोली मागून घेतली आणि पाटी लावली. थोरल्या जाऊबाई वर्षभराने खोलीत यायला लागल्या. आधी नुसत्या बघायला, मग तार धरायला, मग स्वतः भरायला. घरात त्या मोठ्या, खोलीत मी मोठी. घरात त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही, आणि खोलीत माझ्या जिभेला हाड नाही. माझ्या नाकावर राग असतो हे मी कबूलच करते, लपवून थोडंच लपणार आहे.

सासरे स्वभावाने चांगले, पण हिशेबी. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "पोरी, तीन वर्षं झाली. एक मिक्सर आला, दोन पंखे गेले, हा धंदा नव्हे, हौस झाली. महिनाभरात एक तरी कायमचं काम आण, नाहीतर खोली छापखानेवाल्याला देतो." छापखानेवाला तर टेप घेऊन आला आणि आमच्या डोळ्यांदेखत खोली मोजून गेला.

मी दहा ठिकाणी हिंडले. नऊ ठिकाणी "बायका वायंडिंग करतात?" एवढं विचारून चहा दिला. दहाव्या ठिकाणी मेट्रनबाईंनी चहा दिला नाही, काम दिलं. अठरा पंखे, आठ दिवस. हे नीट झाले तर चारही इमारतींच्या पंख्यांचं आणि पंपांचं वर्षभराचं काम आमचं. नाही झाले तर नमस्कार.

एरवी आमच्याकडे एक मोटर एकीनेच पुरी करायची अशी रीत. पण आठ दिवसांत अठरा कशा व्हायच्या? मग मी डोकं चालवलं. प्रत्येक पंख्यात दोन गुंडाळ्या असतात. एक पंखा चालता ठेवणारी मोठी, दुसरी त्याला सुरुवातीचा धक्का देणारी. मोठी मी भरायची, धक्क्याची जाऊबाईंनी भरायची आणि टोकंही त्यांनीच जोडायची. काम असं झपाझप झालं की मी माझीच पाठ थोपटून घेतली. पाती न लावता मोटरी टेबलावर चालवून बघितल्या. आवाज ऐकला, हात लावून तापते का पाहिलं, आणि पुढची. गुळगुळीत डबा गरगर फिरताना कुठल्या अंगाने फिरतोय ते कोण बघत बसतं?

आणि आता सगळ्यांसमोर शोभा झाली होती.

"साडेअकरा झालेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "चार वाजता बाळंतिणींना इकडे हलवायचंय. तोवर होणार असेल तर ठीक, नाहीतर मी आमच्या जुन्या वायंडिंगवाल्याला बोलावते. ओल्या बाळंतिणींना या उकाड्यात ठेवणार नाही मी."

त्यांचं काही चूक नव्हतं. म्हणूनच बहुधा माझा राग दुसरीकडे वळला.

"टोकं उलटी जोडलीत तुम्ही, वहिनी," मी जाऊबाईंना म्हणाले. दोन नर्स आणि झाडू मारणारी बाई ऐकत होत्या, तरी म्हणाले. "अठराच्या अठरा. निदान एखादा पंखा तरी चुकून बरोबर जोडायचा."

"तू दाखवलंस तशीच जोडली."

"मग काय, पंखे माझ्यावर सूड म्हणून उलटे फिरताहेत?"

मी मनात आकडेमोड करायला लागले. उलटा फिरणारा पंखा सरळ करायला धक्क्याच्या गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली की पुरे. पण तो जोड मोटरच्या पोटात असतो, दोऱ्याने बांधलेला, वर वार्निशचा थर. पंखा उतरवा, उघडा, खरवडा, कथलाचा डाग द्या, बांधा, मिटवा, पुन्हा टांगा. एकाला दीड तास. आजचे चार सोडाच, परवाचे चारही पुरले नसते. खोली गेली, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी खाटेच्या कडेवर बसले.

"जोड आत नाहीये," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आतला जोड मला जमेना. दोनदा केला, दोनदा सुटला. तुला विचारायला आले तर तू तेव्हा तार तुटली म्हणून ओरडत होतीस. मग मी टोकं सगळी बाहेरच काढली आणि जोड दांड्यावरच्या कपाखाली केला. म्हटलं, सुटलाच तर तुझ्या नकळत नीट करता येईल."

दुसरा कुठला दिवस असता तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. मला न विचारता, माझ्या पद्धतीच्या बाहेर, तेही अठरा वेळा! पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कप म्हणजे छताजवळचं ते छोटं झाकण. तो खाली सरकवला की झालं, पंखा उतरवायचीही गरज नाही. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा शिडीवर होता.

वायरमनने बटण बंद केलं, पहिल्या पंख्याचा कप सरकवला आणि जाऊबाईंनी खालून सांगितलं तशी दोन टोकं बदलली. बटण दाबलं. मेट्रनबाईंच्या हातातला कागद सुटला आणि थेट खाटेखाली गेला. झाडूवाली हसली, मग नर्सही हसल्या.

मेट्रनबाई हसल्या नाहीत. "पण चुकलं कसं? ते कळल्याशिवाय मी चार इमारती तुमच्या हाती कशी देऊ?"

जाऊबाईंनी ट्रॉलीवरची दोन बँडेजं उचलली, एक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं.

"बोटांवर गुंडाळ. तार गुंडाळतेस तसं."

मी गुंडाळलं. त्यांनीही गुंडाळलं. माझे वेढे एका बाजूने चालले होते, त्यांचे बरोबर उलट्या. जाऊबाई डावखुऱ्या आहेत. अकरा वर्षं एका घरात राहते मी. त्या डाव्या हाताने लिहितात, केर काढतात, पोरांना धपाटेही डाव्या हातानेच घालतात. सगळं मला ठाऊक होतं. अख्खी मोटर त्या एकट्या भरायच्या तेव्हा दोन्ही गुंडाळ्या उलट, म्हणजे हिशेब बरोबर. एक माझी आणि एक त्यांची झाली की मोटर उलटी फिरणार, आणि ही शक्कल माझी. टोकं त्यांनी मी सांगितली तशीच जोडली होती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. हे तीन शब्द तोंडातून निघायला जरा वेळ लागला, पण निघाले आणि सगळ्यांसमोर निघाले. "पुढे एक मोटर एकीनेच भरायची."

"आणि फिरते कुठल्या बाजूला तेही बघायचं," मेट्रनबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या वॉर्डात गेल्या.

दुसरी शिडी आली. वायरमन एका रांगेला आणि जाऊबाई दुसऱ्या रांगेला. मी खाली उभी राहून पक्कड देत होते आणि तोंड बंद ठेवत होते. तीनला दहा मिनिटं असताना अठरावा पंखा सरळ फिरला. चार वाजता बाळंतिणी आल्या. पहिलीच बाई खाटेवर टेकली, बाळाला शेजारी निजवलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि डोळे मिटून घेतले. तिला पंख्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला मात्र रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

निघताना मेट्रनबाईंनी जुन्या इमारतीची किल्ली दिली. "तिथे बावीस आहेत. सोमवारी उतरवून न्या."

मी तिथूनच सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, बाबा, छापखानेवाल्याला नाही म्हणून कळवा. ते म्हणाले, "सुटलो. तो माणूस माझ्या आरामखुर्चीची जागासुद्धा मोजून गेला होता."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती, आणि तरी एक गोष्ट आत टोचत होती.

"वहिनी, तुम्हाला माझी भीती वाटते?"

"घरात नाही वाटत," त्या म्हणाल्या. "खोलीत वाटते."

स्वतःची लाज वाटली. मोठ्या जाऊबाई माझ्या, आणि आठ दिवस माझ्यापासून लपून जोड मारत होत्या.

"आता विचारू का एक?" त्या म्हणाल्या. "ओरडणार नसलीस तर."

"विचारा."

"तो आतला जोड कसा करतात गं?"

मी तिथेच पायरीवर बसले, पिशवीतून तारेचे दोन तुकडे काढले आणि सावकाश करून दाखवलं. त्यांना पहिल्यांदा नाही जमलं. मी पुन्हा दाखवलं.