छताच्या कोपऱ्यातला नवा रंग

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून माझी आई निवृत्त झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात जेवताना तिने जाहीर केलं, "आम्ही घरगाडी घेतोय."

घरगाडी म्हणजे मोटरहोम. आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी, सगळं असलेली गाडी. मला वाटलं, चेष्टा करतेय. पण बाबा मान खाली घालून जेवत होते, आणि बाबा मान खाली घालून जेवतात तेव्हा ठरलेलं असतं.

"अगं, पण का?" मी विचारलं.

"सव्वीस वर्षं त्याच बावीस थांब्यांवर थांबले मी. आता मला वाटेल तिथे थांबायचंय."

बाबा रंगारी. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं रंगवली आणि शिडीने त्यांचे गुडघे खाल्ले. चार जिने चढून कुठल्या लॉजवर राहणं त्यांना आता जमत नाही. पलंगापासून दार तीन पावलांवर असेल तर मी कुठेही येईन, असं त्यांनी आईला सांगून टाकलं होतं. नवी गाडी परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा जुनीच बघायची.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या माणसाला साठीतल्या आईबापांनी असली गाडी घेणं किती मानवणार? मी म्हटलं, घ्या, पण बघायला मीही येणार. इंटरनेटवरून चौसष्ट मुद्द्यांची यादी काढली. गंज, ओल, गॅसची नळी, टायरचं वय, कागदपत्रं. खरं सांगते, ती यादी गाडी पारखायला नव्हती, नाकारायला होती. चौसष्टातला एक तरी मुद्दा हाती लागेलच, अशी माझी खात्री होती.

गाडी एका निवृत्त दंतवैद्यांची होती. दुमजली घर, समोर अंगण, आणि अंगणात पांढऱ्या रंगाची, कमरेला निळा पट्टा असलेली घरगाडी. डॉक्टर सत्तरीचे, बारीक, अंगात इस्त्रीचा शर्ट. आम्ही पोचलो तेव्हा ते फडक्याने काच पुसत होते.

आई गाडीजवळ गेली, पण आत डोकावली नाही. तिने बॉनेटवर तळहात टेकवला.

"डॉक्टर, गाडी आत्ताच चालू केली होती का?"

"जरा... बॅटरी बघावी म्हणून."

"फोनवर म्हटलं होतं ना, नका करू म्हणून. गरम इंजिन कोणाचंही सुरू होतं. गार होऊ दे, तोवर आतलं बघू." तिच्या आवाजात राग नव्हता. बसमध्ये खिडकीबाहेर हात काढणाऱ्या पोरांशी ती याच आवाजात बोलायची.

आत गेलो. बाबा अंगाने भरदार, त्यामुळे दारातून तिरके शिरले. आईने आल्या आल्या त्यांना संडासात पाठवलं.

"आत्ता कशाला? मला लागलेली नाही."

"बसून बघा. दार लावून. पाय मावतात का, हात धुता येतात का, ते आत्ता कळलेलं बरं."

दार लागलं. आतून धडपड ऐकू आली, कोपर कुठेतरी आपटलं. मग बाबांचा आवाज आला, "बसलोय खरा. आता बाहेर येऊ, की ही गाडीच अंगात घालून फिरू?"

आई हसली, डॉक्टरही हसले. मी यादीवर त्या मुद्द्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मग आई पुढे जाऊन चालकाच्या जागेवर बसली, आणि बाबांनी त्यांचं काम सुरू केलं. मी त्यांना लोकांच्या भिंती बघताना लहानपणी पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. ते एकेक कपाट उघडत, डोकं आत घालून वास घेत. भिंतीवरून हाताची मागची बाजू फिरवत, मग बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान देत. पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात, छताला हवेसाठी झडप होती तिथे, त्यांचा हात थांबला.

"हा रंग महिन्याचाही नाही," ते म्हणाले. "आणि असा मी लावला असता ना, तर माझ्या मालकाने मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "जरा मळकट दिसत होतं तिथे, म्हणून..."

तेवढ्यात वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि खणखणीत आवाज आला. "अहो! त्यांना त्या गळणाऱ्या झडपेचं सांगितलंत का?"

त्या डॉक्टरीणबाई. डॉक्टरांचे कान लाल झाले.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. यादीतला एकोणतिसावा मुद्दा: ओल असल्यास व्यवहार करू नये. मी कागदाची घडी घातली. "चला, संपलं. निघू या."

आईने पुढून सगळं ऐकलं होतं. तिने आरसा आपल्या उंचीला लावून घेतला होता, सीट पुढे ओढली होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. तिने आरसा पुन्हा होता तसा केला, सीट मागे सारली आणि खाली उतरली. उतरताना तिने दार हळूच, अगदी आवाज न करता लावलं.

ते दार लावणं मला लागलं. तिने भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

बाबा पलंगावर बसले होते. "डॉक्टर," ते म्हणाले, "किडलेल्या दातावर तुम्ही रंग लावून पाठवायचात का हो माणसाला?"

डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसले. इस्त्रीच्या शर्टासकट. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी दोन गिऱ्हाइकं येऊन डाग बघून परत गेली. हिच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून हिला ही पायरी चढता येत नाही. तीन वर्षं गाडी इथे उभी आहे आणि ती रोज त्या खिडकीतून बघते. म्हणते, चालवणाऱ्या माणसांना द्या, उभी ठेवू नका. म्हणून मी... मला रंग लावता येत नाही, हे तुम्ही पाहिलंच."

बाबांनी थोडा वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं. "ही फळी काढू द्याल?"

"बाबा, कशाला आता?" मी म्हटलं.

"वरून बघून काय कळणार? आत काय आहे ते बघू, मग नाही म्हणू."

डॉक्टर उठले आणि घरात गेले. आले ते स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि दुसऱ्या हातात त्यांची जुनी हत्यारांची पेटी. आठ स्क्रू काढले. माझ्या हातात कोणीतरी टॉर्च दिली. फळी खाली आली, मागे काळपट पडलेलं लाकूड दिसलं. बाबा खिशातून किल्ली काढून टोचणार, इतक्यात डॉक्टरांनी वाकड्या टोकाची बारीक सळई पुढे केली. "याने बघा. कीड कुठवर गेलीय ते बरोबर कळतं."

मग दोघं म्हातारे डोक्याला डोकं लावून त्या लाकडाला टोचत राहिले. "मऊ," बाबा म्हणायचे. "मऊ. इथेही मऊ." मग टोक अडलं. "कडक." दुसऱ्या बाजूला टोचलं. "कडक. इथेही कडक." डॉक्टर प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते, जणू समोर कोणी आ करून बसलंय.

एक वीतभर पट्टी कुजली होती. बस. बाकीचं लाकूड ठणठणीत.

वरून पावलं वाजली. आई शिडी लावून टपावर चढली होती. "झडपेभोवतीचं रबर फाटलंय," ती ओरडली. "माझ्या करंगळीचं टोक जातंय आत. बाकीचे सांधे चांगले आहेत."

"पट्टी बदलायची, रबर नवं, फटी बुजवायला सीलंटचे दोन थर," बाबा स्वतःशीच बोलत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टॉर्च जरा डावीकडे धर. हललीस."

मी डावीकडे धरली.

एव्हाना इंजिन गार झालं होतं. आईने पुन्हा बॉनेटवर हात ठेवून खात्री केली, किल्ली फिरवली, आणि एका खेपेत सुरू झालं. ती, मी आणि डॉक्टर चक्कर मारायला निघालो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. शेवटी रस्ता बंद. डॉक्टर म्हणाले, "इथे मी नेहमी उतरून मागे बघायचो." आईने आरशात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं आणि सात मीटरची ती गाडी एका दमात उलटी घेऊन गल्लीबाहेर काढली. चेहऱ्यावर काही नाही. फक्त गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं होतं, मला आठवेना.

"ब्रेक डावीकडे ओढतोय," परत आल्यावर ती म्हणाली. "थोडासाच, पण ओढतोय."

"आणि टायर नऊ वर्षांचे आहेत," मी म्हटलं. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असं चार आकड्यांत लिहिलेलं असतं, ते मी वाचलं होतं. "नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालंय. बदलावेच लागतील." हे मी गाडी नाकारायला बोलले नाही, हे माझं मलाच बोलल्यावर कळलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "आज घेत नाही. आमचे हे चार दिवस इथे येऊन झडप दुरुस्त करतील. मग आपण तासभर वर पाणी सोडू. आत थेंब नाही आला तर घेऊ. ब्रेक आमचा मेकॅनिक बघेल. टायर तुम्ही घालायचे."

"कबूल," डॉक्टर म्हणाले.

"आणि आतली भांडीही देऊन टाका त्यांना!" वरून खिडकीतून आवाज आला.

बाबा चार दिवस गेले. दोन दिवस मी सुट्टी काढून बरोबर गेले, जुनं सीलंट खरवडून काढायला. गॅसची नळी जुनी निघाली, ती बदलली. मेकॅनिकने ब्रेक बघून दिला, गाडीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवला. पाचव्या दिवशी आम्ही सगळे अंगणात जमलो. बाबा आत पलंगावर, अगदी झडपेखाली, तोंड वर करून आडवे झाले. "थेंब पडला तर माझ्याच तोंडावर पडू दे," म्हणाले.

आईने टपावर नळी धरली. डॉक्टरीणबाई खिडकीत घड्याळ घेऊन बसल्या आणि दर दहा मिनिटांनी ओरडून वेळ सांगत राहिल्या. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. आतून आवाज नाही.

"अहो, काही गळतंय का?" आईने विचारलं. उत्तर नाही.

तास भरला तशी मी दार उघडून आत गेले. बाबा गाढ झोपले होते. मी वाकून त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. खडखडीत कोरडं.

पुढच्या आठवड्यात गाडी आईच्या नावावर झाली आणि एका सकाळी ते दोघं निघाले. मला ऑफिसच्या कोपऱ्यावर सोडून पुढे जायचं ठरलं होतं. मी उतरले, हात हलवला, गाडी वळणाआड गेली, आणि मग लक्षात आलं की माझी पर्स आतच राहिलीय. फोन हातात होता म्हणून बरं. लावला.

"आता इथे वळायला जागा नाही," आई म्हणाली. "पुढे तळ्याकाठी थांबतो. दहा मिनिटांचं अंतर आहे, ये चालत."

ऑफिसला उशीर होणार होता. मी चालत गेले. तळ्याकाठी गाडी उभी होती, दार सताड उघडं, आणि बाबा पायरीवर बसून गुडघे चोळत होते. आत शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं.

"साखर कुठल्या कपाटात ठेवलीय ते कोणालाच आठवत नाहीये," ते म्हणाले. "तू आलीच आहेस, तर शोध जरा."